गुरू जागचा हललाच नव्हता, मग गोरखने शोधलं काय?

या ब्लॉगवर एरवी मी हायपोथिसिस, कंट्रोल, लिटरेचर रिव्ह्यू असल्या गोष्टी लिहिते. आज एका सिनेमाबद्दल लिहिणार आहे. सिनेमा जुना आहे, 1932 चा. प्रभात फिल्म कंपनीचा 'माया मच्छिंद्र', दिग्दर्शक व्ही. शांताराम. आणि हो, शेवट सांगून टाकणार आहे, कारण माझं सगळं भांडणच त्या शेवटाशी आहे. ज्यांना आधी बघायचा असेल त्यांनी बघून या, मी इथेच आहे.

पीएचडीला लागू पाहणाऱ्या लोकांना मी हा सिनेमा का बघायला सांगते? कारण ही एका गाइडची आणि त्याच्या स्कॉलरची गोष्ट आहे. मच्छिंद्रनाथ गुरू, गोरखनाथ शिष्य. गुरू ब्रह्मचारी, सिद्ध, आख्ख्या संप्रदायाचा आधार. एक दिवस हा गुरू स्त्रीराज्यात जातो. तिथे पुरुषांना थारा नाही, तिथली राणी किलोतळा पुरुषांचा द्वेष करते. आणि हा तिच्याशी लग्न करून तिथेच राहतो. शिष्याच्या कानावर हे येतं तेव्हा त्याचा विश्वास बसत नाही. मग तो गुरूला सोडवून आणायला निघतो. अडथळे, जादू, युद्ध, राणीचे डाव, सगळं पार करतो. आणि शेवटी कळतं की गुरू गुहेतून बाहेर पडलाच नव्हता. लग्न झालं नव्हतं, राज्य नव्हतं. जग ही माया आहे हे शिष्याला शिकवण्यासाठी गुरूने हा सगळा खेळ उभा केला होता.

पहिल्यांदा बघताना हा शेवट भारी वाटतो. दुसऱ्यांदा बघताना मला राग आला. का आला ते सांगते, पण आधी थोडी पार्श्वभूमी, कारण त्याशिवाय हा सिनेमा म्हणजे नुसती जुनी पौराणिक करमणूक वाटेल.

'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट मार्च 1931 मधला. म्हणजे 'माया मच्छिंद्र' आला तेव्हा भारतीय सिनेमा बोलायला लागून वर्ष-दीड वर्षच झालं होतं. प्रभात तेव्हा कोल्हापुरात होती. 1929 मध्ये शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी ती काढली, आणि 1933 मध्ये ती पुण्याला गेली (ती जागा म्हणजे आजचं एफटीआयआय). त्यांचा पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा', तोही 1932 चाच. मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्या काढायच्या ही पद्धत त्यात होती आणि 'माया मच्छिंद्र'मध्येही आहे. बोलपट आल्यावर सगळ्यांना एकदम संवाद हवे झाले, गाणी हवी झाली, आणि बोलता-गाता येणारी माणसं हवी झाली. हे सगळं तयार कुठे होतं? नाटकात. त्यामुळे सिनेमावाले नाटकाकडे वळले. 'माया मच्छिंद्र' मणिशंकर त्रिवेदी यांच्या 'सिद्धसंसार' या नाटकावर बेतलेला आहे. मच्छिंद्राचं काम केलं गोविंदराव टेंब्यांनी, आणि संगीतही त्यांचंच. टेंबे म्हणजे 1911 च्या 'मानापमान'चे संगीतकार, हार्मोनियमचे उस्ताद, 1913 मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडसांबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढणाऱ्यांपैकी एक. म्हणजे नुसती गोष्ट नाटकातून आली नाही, आख्खा नायक नाटकातून उचलून आणला.

सिनेमात हे नाटकपण ठळक दिसतं. माणसं समोर तोंड करून उभी राहतात, आळीपाळीने बोलतात, गाणं आलं की बाकी सगळं थांबतं. आपल्याला हे बघताना 'काय बोअर करून राहिले' असं वाटू शकतं. पण त्यामागे तांत्रिक कारणही आहे. तेव्हा प्लेबॅक नव्हता, ते तंत्र आपल्याकडे 1935 च्या सुमाराला आलं. नटाने कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायचं, वादकांनी फ्रेमच्या बाहेर बसून वाजवायचं, आणि हे सगळं त्याच वेळी रेकॉर्ड व्हायचं. माइकपासून लांब गेलं की आवाज गेला. त्यामुळे हालचाल कमी. इन्स्ट्रुमेंटची मर्यादा निरीक्षणावर उमटते हे आपण लॅबमध्ये रोज बघतो, इथे ती अभिनयावर उमटली आहे. टेंबे तेव्हा पन्नाशीच्या पुढे होते. माझं मत विचाराल तर ते या भूमिकेत नट कमी आणि गवई जास्त वाटतात. गातात तेव्हा सिद्धपुरुष वाटतात, बोलतात तेव्हा संगीत नाटकातले ज्येष्ठ नट.

दुर्गाबाई खोटे मात्र वेगळ्याच आहेत. त्या नाटक कंपनीतून आलेल्या नव्हत्या. मुंबईच्या सुखवस्तू घरातल्या, झेवियर्स कॉलेजात शिकलेल्या, आणि तेव्हा 'घरंदाज बाईने सिनेमात काम करणं' हीच मोठी बातमी होती. 'अयोध्येचा राजा'मध्ये त्या तारामती होत्या, सोशिक, नवऱ्यामागे जाणारी. त्याच वर्षी इथे त्या पाळीव चित्ता बाळगणारी राणी आहेत. एका वर्षात एकाच बाईकडून प्रभातने दोन टोकं करून घेतली. किलोतळा पडद्यावर येते तेव्हा नजर तिच्यावरच जाते. ती आदेश देते ते ऐकताना हिला आदेश द्यायची सवय आहे असं वाटतं. ज्या राज्यात पुरुषच नाहीत त्या राज्याची राणी कशी चालेल, कशी बसेल याचा दुर्गाबाईंनी स्वतःशी काही विचार केलेला असावा. हे लक्षात ठेवा, शेवटी मला याच राणीकडे परत यायचं आहे.

आता पोथी.

ही गोष्ट काही प्रभातने शोधलेली नाही. ज्यांच्या घरी 'नवनाथ भक्तिसार' लागते त्यांना ती पाठच असेल. धुंडीसुत मालूंची ही 40 अध्यायांची पोथी शके 1741 ची, म्हणजे 1819 ची. आमच्या विदर्भातही श्रावणात तिचं पारायण करणारी घरं कमी नाहीत. आणि पोथी तरी तुलनेने नवीनच म्हणायची. गोरखने गुरूला स्त्रियांच्या राज्यातून सोडवलं ही कथा बंगालीत 'गोरक्षविजय' नावाने आहे, विद्यापतीचं पंधराव्या शतकातलं 'गोरक्षविजय' नाटक मिथिलेत आहे. नावं बदलतात, राज्य कधी कदलीवन होतं, पण सांगाडा तोच.

लिटरेचर रिव्ह्यू करताना मी नेहमी सांगते की एकाच गोष्टीच्या दोन आवृत्त्या सापडल्या तर 'कोणती खरी' हा प्रश्न आधी विचारू नका. आधी विचारा, 'नेमकं काय बदललं, आणि बाकी काय तसंच राहिलं?' इथे ते करून बघू. पोथीत मच्छिंद्र खरोखर स्त्रीराज्यात जातो. त्यात मारुतीचा हात आहे, पण जातो हे खरं. तिथे राहतो, रमतो, त्याला मीननाथ नावाचा मुलगा होतो. गोरख शोधत येतो, तर राज्यात पुरुषाला प्रवेश नाही. मग तो कलिंगा नावाच्या कलावंतिणीच्या ताफ्यात वेष बदलून मृदंग वाजवायला शिरतो, आणि भर दरबारात मृदंगातून असे बोल काढतो की गुरूला कळतं, आपला चेला आला. मच्छिंद्र दचकतो. त्या दचकण्यात पोथीची सगळी ताकद आहे. ज्याने शिकवलं तो विसरला, आणि ज्याला शिकवलं त्याने आठवण करून दिली. पुढेही सगळं सोपं होत नाही. परत निघताना मच्छिंद्र झोळीत सोन्याची वीट लपवून घेतो. गोरख ती फेकून देतो, गुरू हळहळतो, तर गोरख त्याच्यासमोर आख्खा डोंगर सोन्याचा करून दाखवतो. नगर-बीडच्या सीमेवरचा तो गर्भगिरी. गुरूचं मन पूर्णपणे मोकळं व्हायला वेळ लागतो, हे पोथी लपवत नाही.

नाटकातून सिनेमात आलेल्या रूपात एकच व्हेरिएबल बदललेला आहे: गुरू खरंच गेला होता की नाही. बाकी गुरू तोच, शिष्य तोच, राणी तीच, स्त्रीराज्य तेच. पण या एका बदलाने सगळ्याची किंमत बदलते. पोथीत गोरखने काहीतरी केलं. त्याच्याशिवाय गुरू परत आला नसता. सिनेमात गोरखने एक प्रॅक्टिकल पार पाडलं. उत्तर आधीच मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर छापलेलं होतं.

कोणी म्हणेल, अगं, परीक्षा घेणं हे तर आपल्या पुराणांत सगळीकडेच आहे. बरोबर आहे. आणि गंमत म्हणजे प्रभातच्या आधीच्याच बोलपटात ते आहे. 'अयोध्येचा राजा' म्हणजे हरिश्चंद्राची गोष्ट. विश्वामित्र त्याची परीक्षा घेतो, शेवटी देव सांगतात की ही कसोटी होती. तिथे परीक्षा देणारा हरिश्चंद्र कोण होता? हेच गोविंदराव टेंबे. त्याच वर्षी, त्याच कंपनीत, तोच नट आधी परीक्षा देतो आणि मग परीक्षा घेतो. पण दोन परीक्षांत मोठा फरक आहे. हरिश्चंद्राने खरंच राज्य सोडलं, बायको-मुलगा खरंच विकले गेले, स्मशानात खरंच राबला. शेवटी सगळं परत मिळालं तरी मधलं जे घडलं ते घडलं. परीक्षा होती म्हणून त्याचं दुःख खोटं होत नाही. 'माया मच्छिंद्र'मध्ये मधलं काही घडलंच नाही असं सांगितलं जातं. हा नुसता ट्विस्ट नाही. मागचे दोन तास रद्द केल्याची ती नोटीस आहे.

असं करणारा हा एकटाच सिनेमा नाही. जर्मनीत 1920 मध्ये 'द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी' आला. हान्स यानोविट्झ आणि कार्ल मायर या लेखकांनी लिहिलं होतं एका अधिकारी माणसाबद्दल, जो झोपेत चालणाऱ्या पोराकडून खून करवतो. चित्रपट करताना सुरुवातीला आणि शेवटी एक चौकट जोडली गेली, त्यात कळतं की सांगणाराच वेड्यांच्या इस्पितळात आहे आणि तो अधिकारी तर त्याचा डॉक्टर आहे, बरा माणूस आहे. झीगफ्रीड क्राकावरने 1947 च्या आपल्या पुस्तकात यावर मोठं बोट ठेवलं. मूळ गोष्ट सत्तेवर संशय घेत होती, चौकटीने तीच गोष्ट सत्तेच्या बाजूने फिरवली. त्याची सगळी थिअरी पटावी असं नाही (मला सगळी पटत नाही, तो एका सिनेमावरून आख्ख्या देशाचं मन वाचतो), पण ही एक गोष्ट मला 'माया मच्छिंद्र'ला तंतोतंत लागू पडते असं वाटतं. पोथीतला गुरू चुकू शकत होता. सिनेमातला गुरू चुकूच शकत नाही. तो चुकलेला दिसला तर ती आपल्या बघण्यातली चूक.

आणि इथे माझ्यातली सायन्सवाली जागी होते. 'गुरू कधीच चुकत नाही' हे विधान तुम्ही तपासणार कसं? तो ध्यानाला बसलेला दिसला तर विधान खरं. राणीच्या महालात दिसला तर ती माया, म्हणून विधान खरंच. कोणतंही निरीक्षण आलं तरी ते त्याच बाजूला मोजलं जातं. पॉपर वगैरे तुम्ही पेटच्या अभ्यासात वाचलाच असेल, रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात त्यावर प्रश्न येतो. जे विधान कोणत्याच निरीक्षणाने खोटं ठरू शकत नाही, ते निरीक्षणाबद्दल काही सांगतच नाही. गोरखने जे पाहिलं त्यावरून जो निष्कर्ष काढला, तो उपलब्ध डेटावर बरोबरच होता. गुरू संकटात आहे, त्याला बाहेर काढलं पाहिजे. यात त्याचं चुकलं कुठे? तरी शेवटी तोच अज्ञानी ठरतो.

माणसांवरच्या प्रयोगांत फसवणूक वापरतात हे तुम्हाला माहीत असेल. येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅमने 1961 मध्ये केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना वाटत होतं आपण पलीकडच्या माणसाला 450 व्होल्टपर्यंत शॉक देतोय, प्रत्यक्षात शॉक नव्हतेच, तो माणूस नट होता. शॉक खोटे होते, पण बटण दाबणाऱ्याचा घाम खरा होता. म्हणूनच त्यानंतर इतका वाद झाला, आणि म्हणूनच आज अशा प्रयोगाला एथिक्स कमिटी लागते, आणि प्रयोग संपल्यावर सहभागी माणसाला बसवून सगळं समजावून सांगावं लागतं. 'माया मच्छिंद्र'चा शेवट म्हणजे असं समजावून सांगणंच आहे. फक्त त्यात 'तुला त्रास झाला' हे कोणी म्हणत नाही. मास्टर विनायकांचा गोरख ते ऐकतो आणि नमस्कार करणाऱ्याच्या जागी परत जातो. विनायक तेव्हा पंचविशीच्या आसपासचे, चेहरा कोवळा. आपल्यापैकी बरेच जण ज्या वयात रजिस्ट्रेशन करतात तेच वय. तो इतक्या चटकन समाधानी होतो हे मला तरी पटलं नाही.

मी हे उगाच ताणत नाहीये. आपल्या क्षेत्रात हा शेवट रोज वापरला जातो. एका ओळखीच्या स्कॉलरला त्याच्या गाइडने दीड वर्ष एका सॅम्पलवर बसवलं. त्यातून काही निघत नाही हे दिसल्यावर उत्तर मिळालं, 'मला माहीतच होतं, तुझा पेशन्स बघत होतो.' खरंच माहीत होतं की नंतर सुचलं, हे कळायला काही मार्ग नाही. मच्छिंद्राचंही तेच. तो म्हणतो मी गुहेतच होतो. गोरखकडे दुसरा साक्षीदार नाही. सिनेमा आपल्याला गुहा दाखवतो म्हणून आपण मानतो, पण मघाशी त्याच सिनेमाने त्याच खात्रीने महालही दाखवला होता!

आणि हा माध्यमाचा मुद्दा आहे. रंगमंचावर नट समोर असतो, घाम दिसतो, श्वास ऐकू येतो. 'हे घडलंच नाही' म्हणायला तिथे जरा जड जातं, कारण आपण घडताना बघितलेलं असतं. सिनेमात एक शॉट विरून दुसरा येतो, महालाच्या जागी गुहा येते, काम झालं. अदृश्य होणं, प्रकट होणं, जागा पालटणं हे कॅमेऱ्याला जन्मापासून जमतं. शांताराम आणि मंडळींनी या सिनेमात ट्रिक फोटोग्राफी मनापासून वापरली आहे, भव्य सेट उभे केले आहेत, आणि 1932 च्या कोल्हापुरात हे करणं ही छोटी गोष्ट नाही. पण मला वाटतं, हे तंत्र हाताशी होतं म्हणूनच मायेचा शेवट इतका सोपा गेला. ज्या यंत्राने भ्रम तयार करता येतो, त्यानेच तो पुसताही येतो.

मग अशी गोष्ट दुसऱ्या कोणत्या पद्धतीने सांगता आली असती का? इथे मला एक रशियन सिनेमा आठवतो. (मीर प्रकाशनामुळे आपल्याकडच्या सायन्सवाल्यांचं रशियाशी नातं इरोडोव्हच्या प्रॉब्लेम्सपुरतंच असतं. ते वाढवा थोडं.) येवगेनी श्वार्त्स नावाच्या नाटककाराने 1944 मध्ये एक नाटक लिहायला घेतलं, ते पूर्ण व्हायला 1954 उजाडलं. त्याचं नाव मराठीत 'साधासुधा चमत्कार' असं होईल. 1956 मध्ये ते मॉस्कोत रंगमंचावर आलं. त्यावर मार्क झाखारोवने केलेला दोन भागांचा टीव्ही चित्रपट 1 जानेवारी 1979 ला दाखवला गेला, आणि तिकडे तो अजूनही आवडीने बघितला जातो.

त्यातही एक जादूगार आहे जो सगळा खेळ मांडतो. त्याने एका अस्वलाचा माणूस केलाय, अट अशी की एखाद्या राजकन्येने त्याचं चुंबन घेतलं तर तो पुन्हा अस्वल होईल. मग राजकन्या येते, दोघं प्रेमात पडतात, आणि पोरगा पळून जातो, कारण जवळ गेलं तर तिच्यासमोर जनावर होणार. जादूगाराच्या भूमिकेत ओलेग यान्कोव्स्की आहे, आणि तो थकलेला, थोडा कंटाळलेला, बायकोवर जीव असलेला माणूस आहे. तो अमर आहे, बायको नाही, हे त्याला ठाऊक आहे. राजकन्या आता मरणार अशी वेळ येते तेव्हा पोरगा परत येतो, सगळ्यांसमोर तिचं चुंबन घेतो, आणि अस्वल होत नाही. आणि जादूगार चकित होतो! चमत्कार झालाय आणि तो त्याने केलेला नाही. त्याने मांडलेल्या प्रयोगातून त्याला अपेक्षित नसलेलं उत्तर आलंय.

दोन्ही सिनेमे नाटकांतून आलेले, दोन्हींत सूत्रधार जादू जाणणारा, दोन्हींत तरुण पोराची परीक्षा. पण एका सूत्रधाराला शेवट आधीच माहीत आहे आणि दुसऱ्याला नाही. झाखारोवच्या सिनेमातही नाटकीपणा भरपूर आहे, सेट तर उघड उघड सेट वाटतात, गाणी मध्येच येतात. तरी त्यातली माणसं खेळणी वाटत नाहीत, कारण त्यांना मांडणाऱ्याच्या हातातून निसटायची मुभा आहे. 'माया मच्छिंद्र'मध्ये अशी मुभा मिळायला हवी होती असं एकच पात्र आहे, ती म्हणजे किलोतळा.

तिचं काय झालं? सिनेमा हा प्रश्नच विचारत नाही. पुरुषांचा द्वेष करणारी राणी एका माणसाला आपल्या राज्यात, आपल्या आयुष्यात येऊ देते. तो तिच्याशी लग्न करतो. मग त्याचा शिष्य येतो, सगळं मोडतं, आणि शेवटी सांगितलं जातं की ती नव्हतीच. गोरखला निदान शिकवण मिळाली. तिला काय मिळालं? ती असेल तर फसवली गेली, नसेल तर गुरूने एका पोराला शिकवण्यासाठी मुद्दाम एक दुःख तयार केलं. पोथीत तिला मुलगा आहे, गुरू निघून जातो तेव्हा मागे राहिलेली बाई म्हणून तिला जागा आहे. सिनेमात पुसताना तिचा हिशेबच कोणी धरला नाही. आणि तरी, दुर्गाबाईंमुळे, ती पुसली जात नाही! चित्त्याशेजारची ती बाई गुहा दिसल्यावरही डोळ्यासमोर राहते. तोल जावा इतकं सामर्थ्य तिच्या पडद्यावरच्या असण्यात आहे. माझ्या मते हाच या सिनेमातला सगळ्यात मोठा गोंधळ आहे, आणि तो पुन्हा बघावासा वाटण्याचं कारणही हेच. दिग्दर्शक म्हणतो ही खोटी. पण तिला कॅमेऱ्यासमोर आणताना त्याने सगळी मेहनत ती खरी वाटावी म्हणून घेतली आहे.

बघणार असाल तर एक करून पाहा. गुहेचा खुलासा येण्याच्या आधी सिनेमा थांबवा. कागदावर लिहा, या क्षणी गोरखला काय काय माहीत आहे, ते त्याला कुठून कळलं, आणि त्यावरून तो काय निष्कर्ष काढू शकतो. 'मला वाटतं' आणि 'मी पाहिलं' असे दोन कॉलम करा. मग पुढचं बघा, आणि कोणत्या कॉलममधलं काय खोडावं लागतं ते बघा. आमच्या डिपार्टमेंटच्या दोन ज्युनिअरना मी हे करायला लावलं. एकीने सगळा 'मी पाहिलं' कॉलम खोडला. दुसरीने काहीच खोडलं नाही, म्हणाली, 'ताई, गोरखने बघितलं हे तर खरंच आहे ना, काय बघितलं त्याचं नाव बदललं फक्त.' अमरावती रोडच्या टपरीवर यावरून अर्धा तास वाद झाला, चहाचे पैसे मलाच द्यावे लागले.

आवाज 1932 चा आहे, खरखर आहे, सुरुवातीची दहा मिनिटं कान सरावायला जातात. हेडफोन लावा, आणि स्पीड वाढवून बघू नका. टेंब्यांची गाणी दीडपट वेगात फार वाईट लागतात.